जावळी तालुक्यात जावळी गावच नाही, मग हे नाव आलं कुठनं?

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी. माझं माहेर सांगली, सासर जावळी तालुक्यातलं बामणोली, आणि नोकरीमुळं राहायला आम्ही सातारला. मुलगी यंदा चौथीत आहे, चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो हे तुम्हाला माहीतच आहे, तर चंद्रराव मोरे, जावळी, प्रतापगड हा भाग शिकवून झाल्यापासून पोरगी हवेत आहे, आपला तालुका म्हणजे पुस्तकातला तालुका! बाईंनी वर्गाला 'माझ्या तालुक्याचं नाव कसं पडलं' यावर आठ-दहा ओळी लिहून आणायला सांगितल्यात. ती नकाशा घेऊन बसली आणि थोड्या वेळानं मला विचारते, आई, जावळी तालुक्यात जावळी कुठाय गं? मी म्हटलं असेल की मेढ्याच्या आसपास कुठंतरी. मग दोघींनी मिळून शोधलं तर जावळी सापडली ती पार प्रतापगडाच्या पायथ्याला, आणि ते गाव महाबळेश्वर तालुक्यात! म्हणजे तालुका जावळी, कचेरी मेढ्यात आणि जावळी गाव शेजारच्या तालुक्यात. लग्नाला चौदा वर्षं झाली, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

त्यातनं पुढचे प्रश्न निघाले. आमच्या सातबाऱ्यावर 'कसबे बामणोली' असं आहे आणि त्याच तालुक्यात कुडाळच्या बाजूला 'बामणोली तर्फ कुडाळ' म्हणून दुसरं गाव आहे, एकदा आमचं एक टपाल तिकडं जाऊन तीन आठवड्यांनी परत आलं होतं. हे कसबे काय आणि तर्फ काय? पलीकडं दरे गाव आहे त्याचंही कागदावरचं नाव 'दरे तर्फ तांब'.

आणि सगळ्यात जास्त मला सासूबाईंमुळं विचारावंसं वाटतंय. त्या सत्तरीच्या पुढं आहेत. धरणाचं पाणी आलं तेव्हा त्या लहान होत्या. पोरीनं त्यांना विचारलं आज्जी तुझं माहेर कुठलं तर त्यांनी खिडकीतनं पाण्याकडं बोट केलं, तिथं, म्हणाल्या, खाली. आणि मग डोळे मिटून नदीच्या काठानं वरून खाली गावांची नावं म्हणायला लागल्या, एकेका बोटावर एकेक, दोन्ही हात संपले तरी त्या थांबल्या नाहीत. त्यातली निम्मी नावं मला मोबाईलच्या नकाशात मिळत नाहीत. ज्यांना या भागाचा इतिहास माहीत आहे त्यांनी कृपया सांगा, पोरीला खरं तेच लिहायचंय आणि मलाही आता राहवत नाही.

घाटमाथा_७७

ताई, जावळी हे नाव 'जावळ' वरनं. लहान बाळाचं जावळ कसं दाट आणि गुंतलेलं असतं तसं रान, म्हणून जावळी. आमच्या सरांनी हेच सांगितलं होतं आणि तिकडचं रान बघितलं की पटतं पण. पोरीला बिनधास्त लिहू दे.

मोडी_वाचक

ताई, प्रश्न फार मोलाचा विचारलात, सवडीनं लिहितो, लांब होईल.

आधी घाटमाथा दादांच्या उत्तराबद्दल. जावळाची गोष्ट सगळीकडं सांगतात आणि ती गोड आहे, पण ती 'जावळी' मधल्या ळ वर उभी आहे, आणि जुन्या कागदांत तो ळ बहुतेक ठिकाणी नाहीच. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या सालवार टिपणात, नोंद आहे ती 'जाउली' घेतल्याची. सरकारी कागदावर आजही 'जावली' लिहितात, इंग्रजांच्या कागदातही ल च आहे. आणि शिवभारत, जो महाराजांच्या हयातीतला संस्कृत ग्रंथ, त्यात हेच ठिकाण 'जयवल्ली' म्हणून येतं. आता यावरनं काही जण लगेच म्हणतात की मूळ नाव जयवल्ली आणि त्याचं जावळी झालं. मला ते उलटं वाटतं. संस्कृतात लिहिणारा माणूस लोकांच्या तोंडचं नाव घेतो आणि त्याला संस्कृत पोशाख चढवतो, तसं ते झालेलं दिसतंय. पण त्या पोशाखात एक खूण मात्र बरोबर राहिली, शेवटचं 'वल्ली'.

कोकणात आणि घाटमाथ्यावर गावांच्या नावाच्या शेवटी येणारं वली किंवा ओली हे जुन्या 'पल्ली' वरनं आलंय असं भाषेचे अभ्यासक मानतात, पल्ली म्हणजे छोटी वस्ती, पाडा. कणकवली, डोंबिवली, दापोली, आंबोली, सगळी त्याच घरातली. आणि तुमचं बामणोली पण, म्हणजे बामणांची पल्ली. तुमच्या गावासमोर वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला इंदवली आहे, तीही त्यातलीच. मग बामणोली, इंदवली, जावली अशी नावं एका ओळीत ठेवा आणि वाचून बघा, जावलीच तेवढी बाळाच्या केसांवरनं आली असं म्हणायला जीभ रेटत नाही. देशावर तुमच्या सांगलीकडं अशी वलीची नावं क्वचित, ती जास्त करून कोकणात. जावळीचं खोरं त्या काळात कोकणाला जोडलेलं होतं, पार घाटानं, हातलोटच्या घाटानं बैलांचे तांडे खाली जायचे आणि मीठ, मासळी, नारळ घेऊन वर यायचे. तालुक्याचं तोंड आज साताऱ्याकडं आहे, तेव्हा ते पश्चिमेला होतं.

आता गाव एकीकडं आणि तालुका एकीकडं का.

चंद्रराव हे माणसाचं नाव नाही, तो आदिलशाहीनं मोऱ्यांना दिलेला किताब, गादीवर जो बसेल तो चंद्रराव. त्यांची जावळी म्हणजे एक गाव नव्हतं, महाबळेश्वरच्या आजूबाजूचा सगळा डोंगरी मुलूख, कोयनेचं खोरं, खाली महाडच्या अंगाचा भाग, रायरीसुद्धा, जिचा पुढं रायगड झाला. जावळी हे गाव त्या मुलखाची गादी, म्हणून अख्ख्या मुलखाला तेच नाव. जानेवारी १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली, लगेच भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंतांकडून प्रतापगड बांधून घेतला, आणि १० नोव्हेंबर १६५९ ला त्याच गडाच्या पायथ्याला अफजलखान. खान महाबळेश्वरकडनं जावळीत उतरला तो रडतोंडीच्या घाटानं. हा घाट मी दोनदा उतरलोय, एकदा पावसात. नाव कसं पडलं ते पहिल्या अर्ध्या तासात गुडघे सांगतात.

मोऱ्यांची गादी गेली तशी जावळी गावाची सद्दी गेली. गड वर, बाजार पार गावाला, पुढं राजधानी रायगड. गाव लहान होत गेलं पण मुलखाचं नाव कागदावर टिकलं. इंग्रजांच्या काळात जेव्हा तालुके आखले तेव्हा नाव जुनंच घेतलं जावळी, पण कचेरी ठेवली मेढ्याला, कारण मेढा वेण्णेच्या काठाला, साताऱ्याहून केळघरमार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या वाटेवर, कारकुनाला घोड्यावरनं जायला सोपं. महाबळेश्वरचं तर आणखी वेगळं, १८२९ मध्ये ते पठार साताऱ्याच्या छत्रपतींकडून इंग्रजांनी घेतलं आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नावानं पेठ वसवली ती माल्कमपेठ. ही माल्कमपेठ बराच काळ जावळी तालुक्याचीच पेटा, म्हणजे तालुक्याचा पोटभाग, होती. पुढं महाबळेश्वर स्वतंत्र तालुका झाला आणि त्याच्या वाट्याला जी गावं गेली त्यात मूळ जावळी पण गेली. म्हणजे लेक आईला सोडून गेली नाही, आईच लेकीच्या घरी राहायला गेली. पोरीला हे असं सांगा, लक्षात राहील.

कसबे आणि तर्फ उद्या लिहितो, आता वीज गेलीय.

पाटणकर_मास्तर

मोडी_वाचकांनी सुंदर लिहिलंय. पाण्याच्या बाजूचं मी सांगतो, मी खालच्या टोकाचा, पाटण तालुका.

ताई, जलाशयाचं नाव कागदोपत्री शिवाजीसागर, बोलण्यात शिवसागर. ते धरणाबरोबर आलेलं नाव, त्याच्या आधी तिथं तळंच नव्हतं, नदी होती. नदी कोयना. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ज्या पाच धारा दाखवतात, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, त्यातली ही एक. पुराणात तिचं नाव ककुद्मती, विष्णू झाला कृष्णा, शंकर झाला वेण्णा आणि ब्रह्मदेव झाला ककुद्मती अशी कथा आहे. पण काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना ककुद्मती विचाराल तर कळणार नाही, त्यांच्या तोंडी कोयनामाय.

ही नदी इतर नद्यांसारखी सरळ पूर्वेला जात नाही, महाबळेश्वरातनं निघून दक्षिणेला चालत राहते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर, आणि हेळवाकला आल्यावर एकदम पूर्वेला वळते, मग पाटण आणि कराडला प्रीतिसंगमात कृष्णेला भेटते, समोरासमोरनं. वळायच्या जरासं आधी तिला अडवलं म्हणून तो एवढा लांबलचक तलाव झाला, साधारण पन्नास किलोमीटर, डोंगराच्या दोन रांगांमध्ये बोटासारखा. बामणोली-तापोळ्याला जे पाणी रुंद दिसतं ते सोळशी आणि कांदाटी या दोन नद्या तिथं येऊन मिळतात म्हणून. धरणाची उंची १०३ मीटर, आज साठा १०५.२५ टीएमसी, आणि त्यातलं पुष्कळ पाणी कराडकडं न जाता डोंगराच्या पोटातनं पश्चिमेला पोफळीला पडतं, वीज होते आणि ते पाणी वाशिष्ठीतनं समुद्राला जातं. पोफळी म्हणजे सुपारीचं झाड, गावाचं नाव त्यावरनंच.

ताई सांगलीच्या आहेत म्हणून सांगतो, तुमच्याकडं ऑगस्टात आयर्विन पुलाची पातळी बघताना सगळे विचारतात ना, कोयनेतनं किती सोडलं, ते पाणी तुमच्या सासूबाईंच्या माहेरावरनं येतं.

११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पण पोरीला सांगा. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी. माझा जन्म नंतरचा, पण आमच्या घरात अजून 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपाच्या नंतर' असंच वय मोजतात, आमच्या आत्याचं लग्न भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यातलं.

पुनर्वसित

मी सहसा नुसतं वाचतो, आज लिहितोय. ताई, तुमच्या सासूबाईंनी पाण्याकडं बोट केलं ते वाचलं आणि बराच वेळ पुढचं वाचलंच नाही.

माझे आजोबा त्याच खोऱ्यातले. धरणात गाव गेलं आणि आमची वस्ती सांगली जिल्ह्यात आली. कोयनेची माणसं कुठं कुठं गेली बघा, सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड. डोंगरातली माणसं, नाचणी आणि वरीवर जगणारी, आणि एकदम काळ्या रानात सपाटीला. आजी म्हणायची पहिली दोन वर्षं मला दिशाच कळायची नाही, डोंगरच नाही तर सूर्य कशाच्या मागं जातो ते कसं कळणार. सातबाऱ्यावर नाव लागायला आजोबांनी किती खेटे घातले ते मी लिहीत बसत नाही, माझ्या वडलांच्या हयातीत लागलं एवढंच.

पण नावाचं सांगायचंय. नवीन जागेला सरकारी कागदावर आधी नुसता वसाहत असा शब्द होता. लोकांनी पाटी लावली ती जुन्या गावाच्या नावाची. आजूबाजूची मूळ गावकरी मंडळी आम्हाला बरीच वर्षं 'कोयनेवाले' म्हणायची, नाव वाईट नव्हतं, पण ते आमचं नव्हतं. देवी आणली होती, तिच्या देवळातली घंटा पण आणली होती, त्या घंटेच्या कडेला गावाचं नाव कोरलंय, अक्षरं झिजलीत, बोट फिरवलं की लागतात. आम्हा पोरांना गावाचं नाव तिथनं वाचायला शिकवलं.

मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुनी गावं वर येतात हे ताईंना माहीत असेलच. आजोबा असेपर्यंत एक वर्षाआड तरी जायचे, मला एकदाच नेलं, मी तेव्हा सातवीत होतो. बामणोलीवरनं लाँचनं गेलो, मग चालत. गाळ वाळून त्याला हाताएवढ्या भेगा पडलेल्या, वर कुणीतरी गाळपेर केलेली, हिरवा तुकडा एकदम. आजोबा जोत्याच्या दगडांवरनं चालत होते आणि बोलत होते, हे पाटलाचं, ही गल्ली, हे आपलं. आमच्या जोत्यात जात्याची खालची तळी तशीच रोवलेली होती, वरची पाळ नेलेली, मधला खुंटा कुजून गेलेला. त्यांनी भोकातला गाळ काडीनं काढला, अगदी पूर्ण काढला, हात पुसला आणि चल म्हणाले. पाऊस पडला की परत भरणार होता तो. मी विचारलं पण नाही का काढला.

सासूबाई जी नावं म्हणतात ती कृपया आजच लिहून घ्या. त्यांच्या क्रमानं. वरून खाली.

मोडी_वाचक

पुनर्वसित दादा, तुमच्या घंटेचा एक चांगला फोटो काढून ठेवा, अक्षरांबरोबर शक, म्हणजे वर्ष, कोरलेला असेल तर त्याचाही.

आता राहिलेलं. तर्फ म्हणजे बाजू, अरबीतनं फारसीमार्गे आलेला शब्द, आपण 'माझ्यातर्फे' म्हणतो तोच. महसुलासाठी परगण्याचे जे छोटे तुकडे पाडले ते तर्फ. डोंगरी मुलखात एकच नाव दोन-तीन गावांना पडणं साहजिक, कारण नाव झाडावरनं नाहीतर जागेवरनं पडायचं. आंब्याचं रान सगळीकडंच, तर जावळीत आंबेघर तर्फ मेढा आहे आणि पाटण तालुक्यात आंबेघर तर्फ मरळी, तेच ज्याच्यावर २०२१ च्या जुलैत दरड कोसळली. दरेही तसंच, दरी जिथं तिथं दरे. मग कारकुनानं लिहिलं दरे, तांबच्या तर्फेतलं. आज तर्फ हा महसुली तुकडा उरलेला नाही पण गावाच्या नावाला तो शेपटासारखा चिकटून राहिलाय, त्यामुळं कुठलं गाव कुठल्या जुन्या तुकड्यात होतं हे नुसत्या नावावरनं कळतं. कसबा म्हणजे त्या तुकड्यातलं मुख्य, बाजाराचं गाव. तुमच्या बामणोलीला कसबे लागतं म्हणजे तलावाच्या आधीच्या काळात आजूबाजूची खेडी मीठ-मिरचीला तुमच्याकडं यायची. आज पर्यटक येतात.

केळघर, आंबेघर यातलं घर हे पण गावनामाचं एक जुनं शेपूट, गृह वरनं आलेलं. आणि खुर्द-बुद्रुक तर सगळ्यांना माहीत, धाकटं आणि थोरलं.

घाटमाथा_७७

मोडी_वाचक दादा, मान्य, मी सरांचं ऐकून सांगितलं होतं, जाउली हे माहीत नव्हतं. पण एक विचारतो. आमच्याकडं जुळ्या पोरांना जावळी म्हणतात, जावळी झाली म्हणजे जुळी झाली. आणि जावळीच्या खोऱ्यातनं वर बघितलं की मकरंदगडाची दोन शिखरं एकाला एक लागून दिसतात, लोक मधुमकरंद म्हणतात. त्यावरनं नसेल कशावरनं?

मोडी_वाचक

दादा, हे तुम्ही डोंगर बघून बोलताय म्हणून मला जावळापेक्षा आवडलं. पण अडचण तीच, जुन्या नोंदीत ल आहे. शिवाय एवढं ठसठशीत जुळं शिखर असताना नाव डोंगराला पडलं असतं, गावाला नाही. तरीही पोरीनं लिहायला हरकत नाही, 'काही लोक असं सांगतात' असं लिहून. लोक काय सांगतात हाही इतिहासच आहे, फक्त वेगळ्या ओळीत लिहायचा.

सांगलीची_लेक

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. पुनर्वसित दादा, तुमचं मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. जात्याच्या तळीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, आमची पण तिथंच राहिलीय, जड म्हणून. आणि तुम्ही म्हणालात तसं रात्री वही घेऊन बसलो आम्ही. पोरगी लिहीत होती, त्या सांगत होत्या. मधेच एखादं नाव विसरलं की त्या पुढचं सांगत नव्हत्या, परत वरच्या टोकापासनं सुरुवात करायच्या, जसं काही चालत जाताना वाट चुकली तर मागं येतो तसं.

त्यात एक गंमत आली. मेट इंदवलीचं नाव आलं तेव्हा पोरीनं विचारलं मेट म्हणजे काय. सासूबाई म्हणाल्या मेट म्हणजे मेट, तिथं मेटकरी राहायचे. कुणी सांगेल का? आणि वासोट्याला व्याघ्रगड म्हणतात ते वाघ होते म्हणून का?

रानवाटाड्या

हे माझ्या कामातलं आहे, मी त्या भागात ट्रेक घेऊन जातो, म्हणून सांगतो.

मेट म्हणजे किल्ल्याच्या खालची, डोंगराच्या अंगावरची चौकी. गडाच्या दरवाजावर पहारा असतोच पण वाट गडाला पोचायच्या आधीच अडवायची म्हणून पायथ्याला, वाटेच्या नाक्यावर माणसं बसवायची, तिथंच त्यांना जमीन द्यायची, बायकापोरांसकट वस्ती. तेच मेटकरी. काम पिढ्यानपिढ्या चालायचं. महाबळेश्वरजवळ मेटगुताड आहे, त्या नावातही हाच मेट. म्हणजे मेट इंदवली म्हणजे वासोट्याची चौकी असलेली इंदवली. आज तिथं वस्ती नाही, लाँचमधनं उतरलं की फॉरेस्टची चौकी लागते, आपली नावं लिहून घेतात, प्लास्टिक किती नेताय ते मोजतात आणि येताना परत मोजतात. मी लोकांना तिथं थांबवून सांगतो की ही आजही चौकीच आहे.

वासोट्याचं नाव वसिष्ठ ऋषींच्या नावावरनं अशी कथा सांगतात. महाराजांनी १६६० मध्ये गड घेतला आणि नाव ठेवलं व्याघ्रगड, रान असं की वाघाशिवाय दुसरं नाव सुचणार नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून गड घेतला. पुढं १९८५ ला कोयना अभयारण्य झालं, आणि २०१० ला कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. महाराजांनी व्याघ्रगड म्हटलं त्याला तेव्हा बरोबर साडेतीनशे वर्षं झाली होती. मला हे वासोट्याच्या कड्यावर उभं राहून सांगताना दर वेळी अंगावर काटा येतो, खाली कोकणाची दरी, मागं शिवसागर आणि मधी रान. चांदोलीचा तलाव तुमच्या सांगली जिल्ह्यातला, शिराळ्याकडं, त्याचं नाव वसंतसागर, वसंतदादांवरनं. शिराळ्याला बत्तीस शिराळा म्हणतात ते बत्तीस गावांमुळं, म्हणजे कसब्यासारखाच प्रकार.

आणखी एक, तालुक्यात कुसुंबीमुरा म्हणून गाव आहे, मुरा म्हणजे डोंगराच्या वरच्या सपाटीवरची वस्ती, गुरं चारायला वर न्यायची तिथली. पोरीला सांगा नकाशात शेवटी मेट, मुरा, पेठ, वाडी असं काय काय लागतं ते बघ, तिथं कोण राहायचं ते त्यातनं कळतं. मेढ्याचं पण बघा, मेढ म्हणजे रोवलेला लाकडी खांब, आणि खांब रोवून केलेल्या कोटाला जुन्या कागदात मेढेकोट म्हणतात. मेढ्याचं नाव त्यावरनं असावं असं माझं मत, मोडी_वाचक दादांनी तपासावं.

मोडी_वाचक

शब्दाचा अर्थ बरोबर आहे. मेढ्याला तसा कोट असल्याचा कागद हाती लागला तर इथंच टाकतो.

पाटणकर_मास्तर

ताई, एक राहिलं. तुमच्या माहेरच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ च्या आधी सातारा जिल्ह्यातच होता असं पोरीला सांगा, सांगली शहर तेवढं तेव्हा संस्थानात होतं. सातारा जिल्हा तेव्हा तोडला, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा केले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव झालं सांगली. त्यामुळं आमच्या वडलांच्या पिढीतले काही लोक वाळव्या-तासगावला बरीच वर्षं 'आपल्याच जिल्ह्यात' म्हणायचे.

सांगलीची_लेक

वही दिली शाळेत. दहा ओळी सांगितल्या होत्या, साडेतीन पानं झाली. पहिल्या पानावर जाउली, जावली, जावळी, जयवल्ली असे चारही शब्द एकाखाली एक लिहिलेत, जावळाची आणि जुळ्याची गोष्ट 'लोक सांगतात' म्हणून वेगळी. बाईंनी मूळ जावळी आई आणि महाबळेश्वर तालुका लेक हे वाक्य वर्गात वाचून दाखवलं. मोडी_वाचक दादा, ते तुमचं आहे हे तिनं सांगितलं बाईंना.

शेवटच्या पानावर सासूबाईंची यादी आहे, सत्तावीस नावं झाली. वही शाळेत जायच्या आधी त्यांनी परत एकदा वाचून घ्यायला लावली आणि एका ठिकाणी थांबवलं, म्हणाल्या या दोन गावांच्या मधी एक वाडी होती, चारच घरं, ती राहिली. पोरगी म्हणाली आता जागा नाही गं आज्जी. तर म्हणाल्या बारीक लिही, पण मधीच लिही. दोन ओळींच्या मधी बारीक अक्षरात लिहिलंय.

पुनर्वसित दादा, यादीचा फोटो तुम्हाला पाठवते. तुमच्या आजोबांचं गाव त्यात आहे का बघा, आणि क्रम चुकला असेल तर सांगा, सासूबाई मे महिन्यात लाँचनं जाऊ म्हणतायत.